सदर सुट्टी बँकांना लागू नाही

वर्षाच्या तोंडाला सुट्ट्यांची यादी येते,
फलकावर मीच लावतो.
बाकीच्या शासनाच्या, तीन जिल्हाधिकाऱ्यांच्या,
त्या तिनांतली एक ठरलेली : वेळ अमावस्या.
खाली एक ओळ, तीही ठरलेली :
सदर सुट्टी बँकांना लागू नाही.

मंगळवारी निलंगा रिकामं झालं.
टमटम, जीप, फटफट्या, दोनचार बैलगाड्या,
दुरड्यांत भज्जी, उंडे, खीर,
मांडीवर सांभाळलेली आंबिलीची बिंदगी.
दहाला रस्त्यावर उरलो मी, दोन कुत्री
आणि बँकेचा नवा कॅशियर, बिहारकडचा,
उघड्या दारात उभा राहून विचारत होता,
सगळे गेले कुठे?

मी किनवटचा. इथं माझं रान नाही,
म्हणून पहारा माझ्याकडं.
असा जीआर कुठं नाही.
पण ज्याला शिवार नाही त्यानं कुलूप राखायचं
हे सगळ्यांना न सांगता पाठ आहे.

साडेअकराच्या औराद गाडीतून
आधी काठी उतरली, मग एक पाय,
बऱ्याच वेळानं दुसरा.
मुद्रिका भ्र. लिंबाजी सोनकांबळे, रा. हलगरा.
पिशवीत आधार, पासबुक, दोन फोटो.
हयातीचा दाखला द्यायचा होता.
जिवंत आहे, एवढंच सांगायचं होतं;
वर्षातून एकदा सांगावं लागतं,
नाहीतर निराधारचा पगार बंद.

"आज सुट्टी आहे मावशी. वेळ अमावस्या."
"ते ठाव हाय की मला.
समदं गाव रानात गेलंय,
म्हणलं आज गर्दी नसंल."
मग कुलपाकडं बघत,
"पर हापिसाला कुठं रान हाय, साहेब?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
शिक्का कपाटात, किल्ली नायब साहेबांकडं,
नायब साहेब कुणाच्या तरी कोपीत
पाच पांडवांपुढं मांडी घालून.
आवक रजिस्टरात सोमवारच्या नोंदीखाली लाल रेघ,
रेघेखाली थेट बुधवार.
मंगळवारी आलेलं माणूस
मी कुठं बसवू?

एक वाजता खलील स्टॅम्पवेंडरचा पोरगा
किटली ठेवून गेला, "अब्बांनी पाठवलीय",
आणि जुन्या मतदार यादीत बांधलेली भज्जी.
मी पायरीवर कागद उलगडला.
ती बसली नाही.
लिंबाची डहाळी मोडली, किटलीत बुडवली
आणि काठी टेकत निघाली,
रेकॉर्ड रूमच्या मागून,
जप्तीतल्या वाळूच्या ट्रॅक्टरांना वळसा घालून,
सेतूच्या बंद खिडकीखालून,
आंबील शिंपडत,
तोंडानं काही पुटपुटत,
रानाच्या चारी कोपऱ्यांना शिंपतात तशी.
मी मागं किटली धरून.
बावीस वर्षांच्या नोकरीत
ही इमारत कधी पिकेल
असं माझ्या मनात आलं नव्हतं.

"झालं. आता खा," म्हणाली.
खाऊन झाल्यावर,
"मी आल्ते म्हणून लिव्हा की कुठंतर."
कोरा कागद आत, आत कुलूप.
फलकावरची यादी काढली, पाठीमागं
पेन्सिलीनं लिहिलं : मंगळवार, हजर.
तिनं खाली अंगठा उमटवला, आंबिलीचा.
वाळला, तसा दिसेनासा झाला.
यादी मी परत लावली.

बुधवारी गाड्या भरून आल्या, तीत ती नव्हती.
गुरुवारी आली, रांगेत तेविसावी.
मला ओळख दाखवली नाही,
मीही नाही.
शिक्का बसला.
सरकारदप्तरी बाई गुरुवारपासून जिवंत आहे.

फलकावर यादीच्या एका कोपऱ्याला
मुंग्या लागल्यात.
अव्वल कारकून दोनदा म्हणाले, झटका ती.
मी हो म्हणतो.